पुढचं दार, मागची भिंत

नाहूर
शनिवार, ६ जानेवारी २०२४

मम्मी,

फोन करत नाही, पत्र लिहिते. फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मंगळवारी तुम्ही मध्येच कट केलात, गुरुवारी मी केला, आणि तुमचा लेक दोन्हीकडच्या शिव्या खातोय. उद्या रविवारचा तो मनोरीला येईलच. त्याच्या डब्याच्या पिशवीत हे घालते. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

विनी बरी आहे. ओठांची सूज दुसऱ्या दिवशीच उतरली होती, अंगावरच्या गांधीही गेल्या. काल गॅलरीतल्या कबुतराला 'जा जा' करत होती. चौदा महिन्यांच्या पोरीला काही आठवत नाही तेच बरं. मला मात्र सगळं आठवतं. ख्रिसमसचं जेवण, ती तुमच्या मांडीवर, तुमच्या ताटातली कोलंबी तिने उचलून तोंडात घातली, आणि दहा मिनिटांत माझ्या पोरीचा चेहरा मलाच ओळखू येईना. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. फेरीबोटवाल्याने माणसं भरायची वाट न बघता बोट सोडली म्हणून आपण वेळेत मार्वेला पोचलो.

मार्वेच्या जेट्टीवर मी तुम्हाला ओरडून बोलले, 'माझ्या पोरीचा जीव घ्यायला निघालात तुम्ही.' चारचौघांत असं बोलायला नको होतं. त्याची माफी मागते. माफी फक्त चारचौघांत बोलल्याची, हेही सांगून ठेवते.

टेस्टचे रिपोर्ट आले. कोलंबी, जवळा, चिंबोरी, शेवंड, ही सगळी एकाच घराण्यातली, आणि विनीला त्या घराण्याचीच ॲलर्जी आहे. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. मी अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, तेव्हा एवढं मला कळतं की पहिल्याच घासाला असं होत नाही. शरीराची त्या वस्तूशी आधी कधीतरी गाठ पडलेली असावी लागते. पहिल्या वेळी ते नाव नोंदवून घेतं, पुढच्या वेळी तुटून पडतं. मी तिला आजवर मासळीचा कणही दिलेला नाही. पण गेल्या वर्षी माझी रजा संपल्यावर जानेवारी ते मे ती तुमच्याकडे होती, मी फक्त शनिवार-रविवार यायची. डॉक्टरांनी दोन वर्षांपर्यंत मासळी नको म्हटलंय, हे मी तुम्हाला पन्नास वेळा बजावलं होतं.

म्हणून सरळ विचारते. तुम्ही तिला माझ्यामागे जवळा चारलात का? खरं काय ते कळेपर्यंत विनी मनोरीला येणार नाही.

नमिता


मनोरी
रविवार, १४ जानेवारी २०२४

नमिता बाय,

गेल्या रविवारी तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवून दिलं. आज डेल्रॉय जेवतोय तोवर लिहून घेते. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालल्यासारखं. सातवीनंतर मी फक्त मासळीच्या टोपल्यांवर नावं लिहिली, तेव्हा सांभाळून घे.

नाही. मी काही चारलं नाही. तुझ्या सासऱ्याची शपथ घेऊन सांगते, आणि रोझारिओच्या नावाने मी खोटं बोलत नाही हे गावातली मांजरंपण सांगतील.

तुला वाटतं म्हातारी कुणाचं ऐकत नाही. मग हे ऐक. आमच्या घरात पोर सहा महिन्यांचं झालं की रविवारी चर्चमध्ये मास सुटल्यावर आजीने उकडलेला बोंबील बोटावर घेऊन त्याला चाटवायचा. माझ्या सासूने डेल्रॉयला चाटवला, तिच्या सासूने रोझारिओला. विनीला सहा महिने भरले त्या रविवारी तुला कॉलेजच्या कामामुळे यायला जमलं नव्हतं, तेव्हा मीपण बोंबील उकडला. तिला मांडीवर घेतलं, बोट पुढे केलं, तिने आ केला. आणि तुझा शब्द आठवला. बोट मीच चाटलं गो. पोरगी रडली, मीपण रडले, आणि तुला मी तेव्हा हे सांगितलंसुद्धा नाही.

दिवसभर माझ्याकडे काय व्हायचं तेही लिहिते, म्हणजे तुझी खात्री पटेल. सकाळी मी मागच्या अंगणात जवळा निवडायला बसायची, ती बाजूला पाळण्यात. अकराच्या सुमारास पिंपातल्या पाण्यात हात धुवायचे आणि तिला तेल लावायला घ्यायचं. तिची कातडी कशी होती विसरलीस? गालांवर, कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांमागे लालभडक, नुसत्या चिरा. सारखी खाजवायची, कपड्यांना रक्त लागायचं. डॉक्टरचं मलम तू बंद केलंस, केमिकल नको म्हणालीस. मग मी काय करणार? खोबरेल घेऊन तासभर चोळायची, चिरा तेलाने भरून निघेपर्यंत. त्याशिवाय ती झोपायची नाही. खाणं म्हणशील तर डाळीचं पाणी, मऊ भात, केळं, नाचणी. बस.

आता तू सांग, यात चोरी कुठे आहे?

तुझी,
मम्मी

ता.क. नारळाच्या दुधातल्या वड्या पाठवल्यात. त्यात मासळी नाही. वास घेऊन बघ पाहिजे तर.


नाहूर
शनिवार, २० जानेवारी २०२४

मम्मी,

वड्या मिळाल्या. वास घेतला नाही. एवढीही मी वाईट नाही.

पण शपथेने बायोलॉजी बदलत नाही. रागवू नका, वर्गात सांगते तसं सांगते.

आपल्या शरीराचे सगळ्यात जास्त पहारेकरी आतड्याच्या भिंतीत असतात. आणि त्यांचं रोजचं मोठं काम मारामारीचं नाही, गप्प बसण्याचं आहे. आपण दिवसभर परक्या वस्तूच गिळत असतो. भात परका, दूध परकं, तुमच्या वड्यापण परक्या. वर कोट्यवधी जंतू आतड्यात कायमचे मुक्कामाला. या सगळ्यांवर पहारेकरी तुटून पडले तर आतडं आतून सोलून निघेल. आणि कुणालाच अडवलं नाही तर टायफॉईड, कॉलरा, सगळे आत. सोसायचं किती आणि लढायचं कधी, हे तिथे क्षणाक्षणाला ठरत असतं. तिथल्या काही पेशी आलेल्या अन्नाचे बारीक कण उचलतात, जवळच्या गाठींपाशी नेतात. तिथे निवाडा होतो, हा आपला की शत्रू. आपला ठरला तर वेगळ्याच पेशी तयार होतात, आणि त्यांची ड्युटी एकच, बाकीच्यांना आवरून धरायचं. जन्मभर. मला हे शिकवताना दरवर्षी नवल वाटतं.

विनीच्या बाबतीत हा निवाडा चुकला. पण निवाडा व्हायला वस्तू तिथपर्यंत पोचावी लागते ना? पोटात गेल्याशिवाय पोटाला ओळख होणार कशी? म्हणजे जवळा तिच्या पोटात गेला होता. आणि ती माझ्याकडे असताना गेला नव्हता.

मी शिक्षा करायला विचारत नाहीय. मला माहीत असायला हवं, म्हणून विचारतेय.

नमिता


मनोरी
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

नमिता बाय,

तीन रविवार मी उत्तर दिलं नाही. डेल्रॉय म्हणाला, लिही. मी म्हटलं, काय लिहू, तिचा निवाडा झालाय.

तुझं आतड्यांचं पत्र मात्र चारदा वाचलं. पहिल्यांदा डोक्यावरून गेलं, चौथ्यांदा बरंच कळलं. तू चांगली शिकवत असणार. माझी एक शंका आहे, वर्गातल्या पोरीसारखी हात वर करून विचारते. आमच्या गावातली पोरं जवळ्याच्या ढिगावर लोळत मोठी झाली. डेल्रॉय तर रांगताना वाळत घातलेला जवळा मुठीने तोंडात कोंबायचा. त्याच्याही कोपरांना असंच लाल व्हायचं, डिट्टो विनी. त्याला काही झालं नाही. मी गावात दहा घरी विचारलं, कुणाच्याच पोराला असं झालेलं नाही. मग आमच्याच विनीला का? तुला माहीत नसेल तर तुझ्या डॉक्टरला विचार. मला भांडायचं नाहीय, मला खरंच कळत नाहीय.

आणि एक सांगते, हसशील. बर्फवाला चंद्रप्रकाश तुला माहीत आहे, आपल्याकडे बर्फाच्या लाद्या आणतो तो. तो नवीन होता तेव्हा एकदा पुढचं फाटक लागलेलं म्हणून बिचारा मागच्या भिंतीवरून उडी मारून आत आला. आपला टायगर त्याच्यावर असा धावला की शेजारीपाजारी काठ्या घेऊन आले. चोर चोर म्हणून बदडला त्याला. नंतर ओळख पटली, चहा पाजला, माफी मागितली. याला सहा वर्षं झाली. आता तो रोज पुढच्या फाटकातून येतो, नाव घेऊन हाक मारतो. सगळ्या गावाला शेपूट हलवणारा टायगर आजही फक्त त्याच्यावर दात काढतो. गावातल्या कॉटेजवर सुट्टीला राहायला येणारे नवेनवे पाहुणे चालतात त्याला, चंद्रप्रकाश चालत नाही.

तुझ्या घरात मी आता चंद्रप्रकाश झालेय. किती का पुढच्या दाराने येईना.

विनीच्या कातडीचं कसं आहे आता?

मम्मी


नाहूर
शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४

मम्मी,

मोठं लिहायला ताकद नाही. डेल्रॉय आणि मी चार दिवस बोलत नाही. बुधवारी मी जेवताना तुमचा विषय काढला, तो म्हणाला, 'माझी आई खोटं बोलत नाही,' आणि ताटावरून उठला. म्हणजे मी खोटी. विनी त्याच्या फोनवरचा तुमचा फोटो बघून 'माय, माय' करते, आणि मी फोन काढून घेते. मला स्वतःचीच लाज वाटते, तरी काढून घेते.

स्पेशालिस्टची तारीख मार्चमध्ये मिळालीय. तुमची शंका विचारीन.

एकदा कबूल करा ना. चूक कुणाच्याही हातून होते. तुम्ही हो म्हणालात तर मी हा विषय परत कधी काढणार नाही, आणि विनीला घेऊन येईन. नुसतं हो म्हणा.

नमिता


मनोरी
रविवार, ३ मार्च २०२४

नमिता बाय,

हो.

मी चारला. तू सोमवारी गेलीस की एप्रिल-मे दोन्ही महिने रोज मी डाळीच्या पाण्यात चमचाभर जवळ्याचं पाणी घालायची. ती मिटक्या मारत खायची. मला वाटलं, कोळणीची नात, तिला चव लागू दे. तुला सांगायची भीती वाटली. रोझारिओची शपथ घेतली तीपण खोटी. त्याची माफी मी त्याच्याकडे मागीन.

आता झालं ना समाधान? आता डेल्रॉयशी बोल. ताटावरून उठलेला माणूस चार दिवस उपाशी नसतो, पण त्याला जेवण लागत नाही, त्याच्या बापाचंही असंच होतं. त्याला सांग, आईने कबूल केलं. आणि पोरीला घेऊन ये. लांबून बघीन. मांडीवर नाही घेतलं तरी चालेल.

मम्मी


नाहूर
शनिवार, १६ मार्च २०२४

मम्मी,

तुम्ही खोटं बोललात. तेही लेंटच्या उपासांत! आता फादरना काय सांगणार आहात?

हसतेय असं वाटेल, पण आज सकाळपासून मी तीनदा रडलेय. सगळं क्रमाने लिहिते.

काल मुलुंडला ॲलर्जीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो, मी आणि डेल्रॉय. मी त्यांना तुमचं कबुलीचं पत्रच दाखवलं. म्हटलं, आजीने सहाव्या महिन्यापासून दोन महिने रोज जवळा चारला, म्हणून झालं का हे? त्यांनी पत्र परत परत वाचलं आणि विचारलं, 'रोज? आणि पोरीला तेव्हा काहीच झालं नाही?' मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, 'मग माझा यावर विश्वास बसत नाही. त्या वयात रोज थोडं थोडं सुखाने खाणारं मूल बहुतेक ती वस्तू आपली मानतं. आजीने खरंच असं केलं असतं, तर कदाचित आज तुम्ही इथे बसला नसता.'

डेल्रॉय माझ्याकडे बघत राहिला.

मग त्यांनी विचारलं, पोरीची कातडी कशी होती, तिला मालिश कोण करायचं, घरात काम काय चालतं. तुमचं चौदा जानेवारीचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. मी वाचून दाखवायला लागले. जवळा निवडायचा, पिंपातल्या पाण्यात हात धुवायचे, चिरा भरून निघेपर्यंत तेल चोळायचं. वाचता वाचता मी थांबले आणि त्याच ओळी पुन्हा वाचल्या मम्मी. दोन महिने हे पत्र मी पुरावा म्हणून जपलं होतं आणि उत्तर त्यातच लिहिलेलं होतं.

मी तुम्हाला ठासून सांगितलं होतं की पोटात गेल्याशिवाय ओळख होत नाही. मी चुकले. मी शिकवते ते बारा वर्षांपूर्वीचं पुस्तक माझ्या डोक्यात बसलंय. ओळख कातडीतूनही होते. फरक एवढाच, की आतड्याच्या पहारेकऱ्यांना सोसायची सवय असते, आणि कातडी चिरलेली असली की तिथले पहारेकरी आधीच खवळलेले असतात. चिरेतून आत येणारा त्यांच्या लेखी चोरच. आणि एकदा चोर म्हणून नोंद झाली की मग तो पुढच्या दाराने, तोंडातून, साळसूदपणे आला तरी आत गहजब होतो. तुमचा चंद्रप्रकाश! मी डॉक्टरबाईंना ती गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या, म्हणाल्या, ही मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार.

तुमच्या शंकेचं उत्तरही हेच. डेल्रॉय जवळ्यात लोळला, पण मुठीने खाल्लासुद्धा. त्याच्या बाबतीत जवळा पुढच्या दारानेही वेळेवर येऊन बसला होता. विनीच्या बाबतीत पुढचं दार बंद होतं आणि मागची भिंत पडलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, शंभर टक्के असंच झालं असं कुणी सांगू शकत नाही. शेंगदाणा आणि अंड्याबद्दल हे बरंच पक्कं कळलंय, कोलंबीबद्दल तेवढं नाही, घरातल्या धुळीतल्या किड्यांचाही हात असू शकतो. पण बहुतेक असंच.

आता जे तुमच्यापासून लपवावं असं मला रात्रभर वाटत होतं ते लिहिते. म्हणजे, हो, ते हात तुमचे होते. जवळ्याचे. विनी परत तुमच्याकडे यायची असेल तर हे तुम्हाला माहीत असणं भाग आहे, नाहीतर मी लिहिलं नसतं. पण मम्मी, भिंत तुम्ही पाडली नाहीत. मलम मी बंद केलं. चिरा माझ्यामुळे राहिल्या.

आणि पुढचं दारही मीच बंद केलं. दोन वर्षांपर्यंत मासळी नको, असं कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. उलट सांगितलं होतं, सहा महिन्यांनंतर घरात जे शिजतं ते सगळं मऊ करून थोडं थोडं द्या. माझ्या माहेरी तीन पिढ्यांत मासळी शिजली नाही. तुमच्याकडे मी सगळं निभावून नेलं, वासाला कधी नाक मुरडलं नाही, पण माझ्या पोरीच्या तोंडाला तो वास मला नको होता. हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून डॉक्टरांचं नाव घेतलं. डेल्रॉयलाही काल पहिल्यांदा कळलं. शपथ तुम्ही घेतलीत आणि खोटी मी निघाले.

तुम्ही ते बोट स्वतः चाटलंत, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

जवळ्याचं काम सोडा असं मी म्हणणार नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे, जवळा घरात आणायचा नाही, आणि विनीच्या तोंडात त्या घराण्यातलं काही जाऊ द्यायचं नाही. एक इंजेक्शन सतत जवळ ठेवायचं आहे, ते कसं द्यायचं मी शिकले, तुम्हालाही शिकवीन. मलम परत सुरू केलंय. बोंबील, पापलेट यांची टेस्ट स्वच्छ आली. पुढच्या महिन्यात दवाखान्यातच बसवून तिला बोंबील चाखवणार आहेत.

अजून एक. डेल्रॉयला म्हटलंय, तू आईला सांगू नकोस, मला लिहायचं होतं. मला तिसरा महिना आहे. सप्टेंबरमध्ये.

ईस्टरला आम्ही येऊ का? या वेळी मी विचारतेय.

तुमची,
नमिता


मनोरी
पाम संडे, २४ मार्च २०२४

नमिता बाय,

खोटं पत्र लिहिलं त्याच आठवड्यात फादरना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, का बोललीस? मी म्हटलं, नात बघायची होती. ते म्हणाले, जा, आणि सुनेला खरं सांग. मी येऊन कागद घेऊन बसले आणि नाही लिहिलं. म्हटलं, तूच शोध. शोधलंस.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी हातांकडे बघितलं नाही. जेवताना चमचा घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. मी विचार करायची, हिचं दुखणं कमी व्हावं म्हणून या हातांनी मी तासन्‌तास चोळलं आणि मीच आत भरत होते. फार रडले गो. मी तुला हे सांगतेय कारण तू लपवलं नाहीस. लपवलं असतंस तर मी ईस्टरला जवळा निवडून उठले असते आणि तिला उचलून घेतलं असतं.

तुझ्या मासळीच्या वासाचं म्हणशील, तर ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू कालवणाला 'छान झालंय' म्हणालीस आणि खिडकी उघडलीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरगी गुणाची आहे, सोसतेय. तोंडावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते, आठवडाभर फुगले असते, आणि मग उतरले असते. माझं फुगणं काय, भरतीचं पाणी.

आता कामाचं ऐक. जवळा मी शेजारच्या प्रीतमच्या घराकडे दिला, त्याची बायको निवडते. मला बोंबील बस आहेत. मागचं अंगण धुण्याच्या सोड्याने तीनदा घासलं, पाळणा उन्हात टाकला, गोधड्या उकळल्या. आंघोळीच्या साबणाने हात इतक्या वेळा धुते की 'सेलिनाला सोवळं लागलं' म्हणून बायका मला हसतात. आज आठ दिवस झाले, हातांना कसलाच वास नाही. माझे मलाच परके वाटतात. टायगर दोनदा हुंगून गेला, भुंकला मात्र नाही. इंजेक्शन शिकव, सुईला मी भीत नाही, जाळी विणणारी बाई आहे.

ईस्टरला या. विचारतेस काय? विनी माझ्याकडे आली तर घेईन, नाही आली तर थांबीन. तिला सवय व्हायला वेळ लागेल तेवढा लागू दे.

डेल्रॉयला मी काही बोलले नाही, पण तो आज तीनदा भात घेऊन उगाच हसत बसला होता, तुझं गुपित त्याच्या पोटात मावत नव्हतं. मी सप्टेंबरपासून सहा महिने बोटांवर मोजले. मार्च येतो, असाच, लेंटमधला. तुझ्या त्या डॉक्टरबाईंना विचार, चालेल म्हणाल्या तर मास सुटल्यावर बोंबील मी तुझ्यासमोर उकडीन. खिडकी उघडी ठेव पाहिजे तर. हात धुवीन तोही तुझ्यासमोर, साबणाने, कोपरापर्यंत. आणि बोट पुढे केलं की या वेळी ते मी चाटणार नाही.

तुझी,
मम्मी